उन्हातली दोरी

माझ्या थोरल्या बहिणीला समजावणं हे माणसाचं काम नाही. मी शिंपी आहे. छावणीच्या फाटकासमोर माझं दुकान आहे, आणि दिवसभर गणवेशाचं जाड कापड सुईखाली ढकलून माझी बोटं निबर झाली आहेत. त्या कापडाला मी एक वेळ वाकवीन, ताईला नाही. तिच्यापुढे मी केव्हाच हात टेकले आहेत, आणि तरी दर आठवड्याला नव्याने टेकावे लागतात.

ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, छावणीच्या गाड्या दुरुस्त करणारे हवालदार. ते राहतात त्या क्वार्टर्सच्या मागे एक फरसबंद अंगण आहे. तिथे लोखंडी खांबांना कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या ताणल्या आहेत. पहिली मोकळ्या बाजूला, तिच्यावर सकाळपासून ऊन. चौथी मागच्या उंच भिंतीला लागून; तिच्यावर टाकलेला मोजा संध्याकाळी काढला तर ओलाच, वर त्याला कुबट वास. पहिल्या दोरीवर हवालदारांच्या घरचे कपडे, दुसरीवर नाइकांच्या, तिसरीवर लान्स नाइकांच्या आणि चौथीवर शिपायांच्या. हे कुठल्या नियमात नाही. कुठल्या साहेबाने सांगितलेलं नाही. त्या अंगणात दोऱ्या आहेत हे तरी साहेबांना ठाऊक असेल की नाही, देव जाणे. हे सगळं बायकांनी आपापसात ठरवलेलं, आणि ते पाळलं जातं की नाही हे बघायचा मक्ता आमच्या ताईकडे.

दाजींचा शर्ट वाळत टाकायची तिची एक पद्धत आहे. शर्ट पिळायचा, झटकायचा, आणि बाही बाहेरच्या बाजूला येईल असा टाकायचा. म्हणजे बाहीवरच्या तीन फिती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसल्या पाहिजेत. शिपायाची बाही कोरी, मग एक फीत, दोन फिती आणि हवालदाराला तीन. त्या मीच शिवलेल्या. मी दुकानात बसून बोटभर रुंदीची एक पट्टी बाहीला जोडतो आणि तिकडे क्वार्टर्समध्ये एका बाईचा आवाज चढतो, असा हा सगळा धंदा आहे. फीत मिळते नवऱ्याला, आणि मान ताठ होते बायकोची. मी कितीतरी बायकांची मान अशी ताठ केली आहे.

एकदा काय झालं, एका शिपायाच्या नव्या बायकोने पहिली दोरी रिकामी दिसली म्हणून तिच्यावर बाळाची दुपटी टाकली. तान्हं बाळ, ढगाळ दिवस, बिचारीला कोरडं दुपटं उरलं नव्हतं. ताई आली, तिने एकेक दुपटं काढलं, घडी घातली आणि चौथ्या दोरीवर नेऊन टाकलं. ती पोर रडकुंडीला आली. मग संध्याकाळी हीच आमची ताई ती सगळी ओली दुपटी स्वतःच्या घरी घेऊन गेली, इस्त्री फिरवून फिरवून कोरडी केली आणि तिच्या दारात नेऊन दिली.

"अगं, दोरीच दिली असतीस तर इस्त्री वाचली असती की!" मी म्हटलं.

"इस्त्री माझी आहे," ताई म्हणाली. "दोरी मी कोण देणारी?"

आता बोला. मी कपाळावर हात मारून घेतला.

आमची आई लवकर गेली. वडील होते, पण असून नसल्यासारखे. ताईने मला आणि धाकटीला वाढवलं. धाकटी तर तेव्हा इतकी लहान होती की ताईने तिला अंघोळी घातल्या, वेण्या घातल्या, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. स्वतःची शाळा तिने सोडली आणि धाकटीची सोडू दिली नाही. मग ताईचं लग्न झालं ते एका शिपायाशी. तिथून तिची चौथ्या दोरीपासून सुरुवात. मधे किती छावण्या झाल्या, किती वेळा सामान बांधलं आणि सोडलं, ते तिलाच माहीत. दाजी वर्षाचे कितीतरी महिने लांब. मुलगा आजारी पडला तेव्हा हीच, घराचं छप्पर गळलं तेव्हा हीच. एकेक फीत आली तशी ती एकेक दोरी पुढे सरकली. या छावणीत आली तेव्हा पहिल्या दोरीवर, आणि तिथेही अगदी खांबाजवळच्या टोकाला, कारण हवालदारांमध्ये दाजी सगळ्यांत जुने.

हे चाललं होतं तोवर मी चिडचिड करायचो, पण ती करमणुकीची चिडचिड होती. खरी डोकेदुखी सुरू झाली ती धाकटी इथे आल्यावर.

धाकटी शिकली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली आणि तिने एका लष्करातल्या अधिकाऱ्याशी लग्न केलं. माणूस भला आहे, बोलतो कमी. तो मेजर झाला आणि त्याची बदली नेमकी याच छावणीत झाली. बातमी आली त्या दिवशी धाकटीने मला फोन करून नुसता गोंधळ घातला. "दादा, आता तू फाटकासमोर, ताई आत, मी आत! आपण तिघं पुन्हा एका ठिकाणी!" तिचा नवरा सतत सरावाला बाहेर असतो. नव्या गावात नवी नोकरी मिळाली नव्हती. ताई जवळ असणार, एवढ्या एका गोष्टीवर ती उड्या मारत होती.

आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती क्वार्टर्सच्या अंगणात गेली. ताई कपडे वाळत घालत होती. धाकटी लांबूनच "ताई!" म्हणून ओरडत धावली. आणि ताईने काय करावं? हातातला कपडा बादलीत ठेवला, हात पुसले, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "नमस्कार मॅडम."

धाकटीला आधी वाटलं, थट्टा आहे. ती हसली. ताई हसली नाही. तिच्यामागच्या सगळ्या बायकाही उभ्या राहिल्या. ज्या बसून कपडे पिळत होत्या त्याही. धाकटी त्या सगळ्यांकडे बघत राहिली आणि शेवटी, "बसा ना, बसा," असं काहीतरी पुटपुटून परत फिरली. ती थेट माझ्या दुकानात आली. डोळे लाल.

"दादा, तिने मला मॅडम म्हटलं," ती म्हणाली. "तिने!"

मी म्हटलं, बायकांसमोर केलं असेल, घरी गेलीस की ठीक होईल. कसलं ठीक! घरी बोलावलं तर ताई बंगल्याच्या मागच्या दाराने आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. पुढच्या खोलीत चल म्हटलं तर म्हणे, "नको, तिथे साहेबांची माणसं येतात." धाकटीने चहा केला तर उठून कप हिनेच विसळले. आणि जाताना तिने धाकटीला बजावून सांगितलं, की आपण बहिणी आहोत हे इथे कुणाला सांगायचं नाही. मेजरची मेहुणी हवालदारीण, हे लोकांच्या तोंडी नको. मेजरसाहेबांना अवघड होईल, आणि दाजींना त्याहून.

मी या दोघींना एका दुपारी दुकानात समोरासमोर बसवलं. कापडाचे गठ्ठे बाजूला सारले, दार अर्धं ओढून घेतलं आणि म्हटलं, काय तो निकाल लागू द्या एकदाचा, माझं डोकं उठलंय.

धाकटीच बोलायला लागली. "ताई, अगं मी केलंय काय? लग्न केलं. बस्स. त्यात कसली मर्दुमकी? मी बसले की बायका बसतात. मी उठले की उठतात. माझा विनोद भिकार असतो, मला चांगलं माहितीये, तरी हसतात. परवा बायकांच्या सभेत मी सहज म्हटलं की पंख्याचा आवाज फार येतो. तर तिघी धावल्या आणि पंखा बंद केला! मग सगळ्याजणी शेवटपर्यंत घामाघूम होऊन बसलो, आणि लावा म्हणायची माझी हिंमत होईना. हे काय आहे? हा हुद्दा त्याचा आहे. त्याने परीक्षा दिल्या, तो उन्हातान्हात राबला. मी नाही."

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाली. "पण रीत आहे ती."

"तुमचं!" मी ओरडलो. "इथे कोण आहे गं ऐकायला? शिलाई मशीन?"

"गिऱ्हाईक येईल कुणीतरी."

"येऊ दे! रीत गेली खड्ड्यात. दाजींच्या फिती दाजींच्या. तुझ्या बाहीवर मी कधी काही शिवलंय का? मग तू कशाला त्या दोरीवर राज्य करतेस, आणि हिच्यापुढे कशाला उभी राहतेस?"

ताईने माझ्याकडे असं बघितलं की मला लहानपणीचा मार आठवला.

"माझ्या बाहीवर नाही शिवलंस," ती म्हणाली. "पण त्या फिती काय त्यांनी एकट्यांनी मिळवल्या? ते तिकडे निवांत राहू शकले, कारण इकडचं मी कधी त्यांना कळू दिलं नाही. पोराला ताप आला, कळवलं नाही. घरात पाणी शिरलं, कळवलं नाही. बाबा गेले तेव्हा सगळं मी उरकलं आणि मग कळवलं. पगार त्यांना, पदक त्यांना, परेडमध्ये नाव त्यांचं. मला काय मिळालं? उन्हातली दोरी. ती तरी राहू देशील की नाही?"

सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर समोरच्याचं थोडंसं बरोबर असण्याची.

"मग ती दोरी घे," धाकटी म्हणाली. "तू मिळवलीयस ती. पण मी तर काहीच नाही मिळवलं. माझ्यासाठी का उभी राहतेस?"

"मी तुमच्यासाठी उभी राहिले नाही, तर माझ्यासाठी तिसऱ्या दोरीवाली कशाला सरकेल?" ताई म्हणाली. "एक टाका उसवला की सगळी शिवण जाते. हे या शिंप्याला विचारा."

एवढं बोलून ती उठली आणि निघून गेली. धाकटी माझ्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसून राहिली. तिला वाद जिंकायचा नव्हताच. तिला तिची बहीण हवी होती, आणि बहीण होती तर छावणीतच, हाकेच्या अंतरावर, पण हात जोडून उभी.

त्यानंतर दाजींचं ते प्रकरण झालं, आणि ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

छावणीत एक व्हॅन आहे. ती दुपारनंतर दवाखान्यासाठी राखून ठेवतात. कुणाला अचानक न्यायचं झालं तर असावी म्हणून. तिची चावी दाजींकडे. त्या दिवशी दाजी गॅरेजात एका ट्रकखाली उताणे झोपून काम करत होते. गिअरबॉक्सचा जड भाग खाली उतरवताना त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीवर धरला होता, आणि मदतनीस पाना आणायला गेला होता. बाहेरून दिसत होते ते फक्त दाजींचे बूट.

तेवढ्यात कर्नलसाहेबांच्या बायको आल्या. त्यांना छावणीत सगळे मोठ्या बाईसाहेब म्हणतात. त्यांना गावातून पडदे आणायचे होते, त्यासाठी व्हॅन हवी होती. त्या बुटांपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हवालदार, व्हॅन काढा."

दाजी खालून म्हणाले, "बाईसाहेब, ती दवाखान्याची आहे. पडद्यांसाठी नाही देता येणार."

झालं. एवढंच. शब्द वाकडा नाही, आवाज चढलेला नाही. पण दाजी बाहेर आले नाहीत. उभे राहिले नाहीत. ते उभे राहिले असते तर गिअरबॉक्स आधी त्यांच्या बरगड्यांवर उभा राहिला असता, पण हे बाईसाहेबांना बुटांकडे बघून कसं कळणार? त्यांनी घरी जाऊन साहेबांना सांगितलं, की तुमच्या हवालदाराने माझ्याशी झोपून बोलण्याचा उद्धटपणा केला. झोपून! गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाने बसून, उभं राहून किंवा सतारीच्या सुरावर गाड्या दुरुस्त कराव्यात अशी त्यांची अपेक्षा असावी.

चौकशी झाली. कागदावर भलतंच काहीतरी आलं, गॅरेजातली शिस्त ढिली आहे, हत्यारं जागेवर नाहीत, असलं. पण खरं कारण सगळ्या छावणीला माहीत होतं. मेजरसाहेबांनी, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, दाजींच्या बाजूने दोन शब्द सांगितले. ऐकून घेतले गेले आणि बाजूला ठेवले गेले. मग धाकटीला राहवेना. ती मोठ्या बाईसाहेबांकडे गेली. त्यांनी तिला प्रेमाने बसवलं, बिस्किटं पुढे केली आणि म्हणाल्या, "तू अजून नवी आहेस गं. या लोकांना एकदा सैल सोडलं की झालं. आणि तुला त्या हवालदाराचा एवढा कळवळा का?"

"ते माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान आहेत," धाकटी म्हणाली.

बाईसाहेबांनी कप खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत ही बातमी चारही दोऱ्यांवर पोचली होती.

दाजींची एक फीत गेली. हवालदाराचे ते नाईक झाले.

ते स्वतःच शर्ट घेऊन दुकानात आले. नेहमी येतात तसे, पिशवी काखेत, ग्रीसने काळी झालेली नखं. "वरची एक काढायची आहे," ते म्हणाले. असं म्हणाले, जसं काही बटण तुटलंय. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर मोठ्या बाईसाहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, आणि फाटकावरचा पहारेकरी तिथून ऐकत होता.

फीत काढणं शिवण्यापेक्षा अवघड. टाका टाका उसवावा लागतो, नाहीतर कापड फाटतं. फीत निघाली, पण तिच्याखालचं कापड इतकी वर्षं ऊन न लागल्यामुळे गडद राहिलं होतं. बाकीची बाही फिकी, आणि मधे फितीच्या आकाराचा गडद पट्टा. फीत होती तेव्हा दिसत होती त्याहून जास्त आता दिसत होती. मी म्हटलं, "दाजी, मी नवे शर्ट शिवून देतो. दोन दिवस थांबा. हा डाग कुणाला दिसायला नको."

"तुझ्या बहिणीला विचार," दाजी म्हणाले. "धुणं तिचं आहे." मग दारापाशी थांबून म्हणाले, "तिला फार लागलंय. माझ्यापेक्षा जास्त. व्हॅन दिली असती तर बरं झालं असतं का रे?"

"आणि रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं असतं तर?"

"तेच तर," दाजी म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान बंद ठेवून क्वार्टर्सच्या अंगणात गेलो. हातात नव्या शर्टाचं कापड होतं. म्हटलं, ताईकडून माप-बीप काही लागत नाही, नुसतं हो म्हणवून घ्यावं. अंगणात बऱ्याच बायका होत्या. पहिल्या दोरीवर ताईची खांबाजवळची जागा रिकामी होती. कुणी तिच्यावर एक रुमालसुद्धा टाकला नव्हता.

ताई बादली घेऊन आली. पहिल्या दोरीवरून पुढे गेली, दुसऱ्या दोरीपाशी थांबली. तिथल्या बायका पटापट कपडे सरकवून तिला उन्हाकडची जागा द्यायला लागल्या. ताईने मान हलवली. "इथे मी नवी," ती म्हणाली. "माझी जागा शेवटी." आणि ती चालत दोरीच्या पार त्या टोकाला गेली, जिथे भिंतीची सावली पडते. तिने दाजींचा शर्ट पिळला, झटकला आणि नेहमीसारखाच टाकला. बाही बाहेर. तो गडद पट्टा सगळ्यांना दिसेल असा.

माझा संयम संपला. "अगं, आज तरी उलटा टाक! कशासाठी हे? नवा शर्ट शिवून देतो म्हणतोय ना मी!"

"तीन होत्या तेव्हा बाही बाहेर टाकली," ताई म्हणाली. "आता दोन आहेत म्हणून आत टाकू?"

"तुझी कोणी काढली होती फीत? त्यांची काढली! तू तुझ्या जागेवर राहा की! कोणी हाकललंय तुला?"

"मीच म्हणत होते ना, निम्मी माझी? मग निम्मी माझी गेली." तिने लगेच बादलीतला दुसरा कपडा उचलला.

आणि तेवढ्यात अंगणाच्या कोपऱ्यावरून धाकटी आली. पायी, हातात प्लास्टिकची बादली, बादलीतून पाणी सांडतंय. बायका सवयीने ताठ उभ्या राहिल्या. ती कुणाकडे न बघता सरळ दुसऱ्या दोरीच्या त्या सावलीच्या टोकाला गेली, दाजींच्या शर्टाशेजारी थांबली आणि तिने बादलीतून आपल्या नवऱ्याचा गणवेशाचा शर्ट काढून दोरीवर टाकला. टाकला म्हणजे काय, भिरकावला. न पिळलेला, न झटकलेला, खांद्यांतून चिमटे लावलेला. पाण्याची धार लागली.

"मॅडम," ताई हळूच म्हणाली, "ही तुमची जागा नाही. बंगल्यामागे तुम्हाला दोरी आहे."

"तिथे मला कुणी नाही," धाकटी म्हणाली आणि बादलीत वाकून दुसरा कपडा शोधायला लागली. बायका इकडे बघू की तिकडे अशा उभ्या.

ताई शर्टाकडे बघत होती. मी तिला ओळखतो. तिला माणसं सहन होतात, वाईट धुतलेला कपडा होत नाही. तिने आधी नजर वळवली, मग पुन्हा बघितलं. धार शेजारी टांगलेल्या दाजींच्या पायजम्याच्या टोकावर पडत होती. शर्टाच्या खांद्यांवरच्या हुद्द्याच्या पट्ट्या तशाच होत्या; त्या काढून ठेवायच्या असतात हेसुद्धा धाकटीला माहीत नव्हतं.

"पट्ट्यांसकट धुतलास?" ताईच्या तोंडून निघालं.

धाकटीने बादलीतला हात बाहेर काढला.

ताईने शर्ट ओढून काढला. पट्ट्या सोडवल्या आणि माझ्या हातात कोंबल्या. शर्ट असा पिळला की त्यातून पुन्हा बादलीभर पाणी निघालं. खाडकन झटकला. मग तो घेऊन ती चालायला लागली, पहिल्या दोरीकडे. खांबाजवळच्या आपल्या रिकाम्या जागेपाशी गेली आणि तिथे, भर उन्हात, तो शर्ट नीट टांगला. कॉलर सरळ केली.

"मेजरसाहेबांचा आहे," ती तिथल्या बायकांना म्हणाली. "तो पुढेच वाळेल."

धाकटीने ते पाहिलं. तिला वाटलं, संपलं. तिने निमूटपणे बादली उचलली आणि शर्टामागोमाग निघाली. डोळ्यांतलं पाणी पुसायलासुद्धा तिचा हात मोकळा नव्हता.

"तू कुठे निघालीस?" सावलीच्या टोकाकडे परत वळलेली ताई कडाडली. सगळ्या अंगणाने ऐकलं. "शर्ट गेला पुढे. त्याला मान आहे, तो त्यांनी मिळवलाय. तू काय मिळवलंयस? तुला साधं पिळता येत नाही अजून! किती वेळा शिकवलंय गं मी तुला, की आधी मधे घडी घालायची? ये इकडे. चिमटे धर."

धाकटीने बादली तिथेच सोडली. ती सावलीच्या त्या टोकाला जाऊन ताईजवळ उभी राहिली आणि तिने ओंजळीत चिमटे धरले. रडत होती, आणि ताई तिच्या ओंजळीतून एकेक चिमटा उचलून कपड्यांना लावत होती, मधूनच कोपराने तिला सरक म्हणून ढकलत होती. बायका अजून उभ्याच होत्या. शेवटी ती चौथ्या दोरीवाली, बाळाची आई, हळूच आपल्या पालथ्या बादलीवर बसली, आणि कुणी तिला उठवलं नाही.

मी तिथेच उभा होतो, काखेत नवं कापड आणि हातात मेजरसाहेबांच्या ओल्या पट्ट्या.

"आणि तू काय बघत बसलायस शिंप्या?" ताईने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "बाहीवर सुईची भोकं राहिलीयेत बघ. फीत काढायची तर नीट काढावी."